‘नाजूक मुलगी’ आली कुठून? कथांतल्या सेल्फ-हार्मच्या साच्याची पार्श्वभूमी

कथेत स्वतःला इजा करून घेणारं पात्र आलं की ते कोण असणार याचा अंदाज वाचकाला आधीच असतो: विशीच्या आतली, हुशार, देखणी, घुमी मुलगी, बहुधा सुखवस्तू घरातली. हा साचा लेखकांच्या कल्पनेतला वाटतो. प्रत्यक्षात तो डॉक्टरांच्या कागदांतून आला आहे.

१९६७ साली अमेरिकेत ग्राफ आणि मॅलिन या मनोविकारतज्ज्ञांनी मनगटावर जखमा करून घेणाऱ्या रुग्णांचं वर्णन एक स्वतंत्र ‘लक्षणसमूह’ म्हणून केलं. त्यांची नमुनेदार रुग्ण होती तरुण, आकर्षक, बुद्धिमान, अविवाहित स्त्री. दोन वर्षांनी पिंग-नी पाओ यांनी जखमांचीच प्रतवारी लावली आणि एका प्रकाराला ‘नाजूक’ म्हटलं. विशेषण जखमेचं होतं, पण बघता बघता ते बाईला चिकटलं.

गोम नमुन्यात होती. पाहिलेले रुग्ण मोजके, आणि तेही मनोरुग्णालयात दाखल झालेले. तुरुंगातले किंवा डॉक्टरकडे कधी न गेलेले पुरुष त्या हिशेबात आलेच नाहीत. शिवाय ‘आकर्षक’ हे कुठल्या आजाराचं लक्षण? ते तपासणाऱ्याचं मत! अभ्यासक बार्बरा ब्रिकमन यांनी २००४ साली या लेखनाची अशीच चिरफाड केली. रुग्णालयाबाहेरच्या सर्वसाधारण लोकांत पाहण्या झाल्या, तेव्हा स्त्री-पुरुषांतली दरी वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. रागाच्या भरात भिंतीवर मुठी आपटणाऱ्या मुलाला आपण ‘तापट’ म्हणून सोडून देतो. कथाही तेच करते.

दुसरा साचा ‘लक्ष वेधण्यासाठी चाललेली नाटकं’ हा. त्याचं मूळ ब्रिटनमध्ये सापडतं. आत्महत्येच्या प्रयत्नात भोवतालच्या माणसांना घातलेली साद असते, असं तिथले मनोविकारतज्ज्ञ एर्विन स्टेंगेल यांनी १९५८ च्या सुमारास मांडलं. साद ऐकू आली तर धावून जावं, हा त्यातला भाव. बोली वापरात मात्र सादेचं सोंग झालं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लोन्स्की यांनी २००७ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत ठळक कारण पुढे आलं ते असह्य झालेल्या भावनांचा ताण क्षणभर उतरवणं. बहुतेक जण हे लपूनच करतात. प्रेक्षकांसमोर, भांडणाच्या ऐन भरात घडणारा प्रसंग पटकथेला सोयीचा असतो, एवढंच.

तिसरा घोळ भाषेतलाही आहे. ‘जिवाचं बरंवाईट करून घेणं’ या आपल्या शब्दप्रयोगात मरणाचा प्रयत्न आणि मरणाचा हेतू नसलेली इजा, दोन्ही एकाच गाठोड्यात जातात. मनोविकारतज्ज्ञ आर्मांडो फवाझा यांनी १९८७ मध्ये ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ‘डीएसएम-५’ या मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेने २०१३ मध्ये, मरणाचा हेतू नसलेल्या इजेची ‘पुढे अभ्यास हवा’ या यादीत वेगळी नोंद केली. मात्र यातून उलटाच समज व्हायला नको. हेतू मरणाचा नसला तरी अशा माणसाला पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो.

आपल्याकडे यात कायद्याचं जोखड होतं. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवत असे, म्हणून पडद्यावर खाटेशेजारी डॉक्टरआधी हवालदार उभा. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, तेही एका पोलीस हवालदाराच्याच प्रकरणात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला सांगितलं. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलं नाही. त्यामुळे आजच्या काळातल्या कथेत इस्पितळात ‘केस होईल’ असा दम देणारा इन्स्पेक्टर आणला, तर ती तपशिलाचीही चूक ठरते. मदत दाखवायची असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट, मालिका आणि रंगभूमीसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली: कृती आणि साधन दाखवू नका, एकच कारण चिकटवू नका, सावरणारी माणसं दाखवा. त्याच वर्षी जुलैमध्ये, २०१७ च्या एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेतून नायिकेच्या मृत्यूचं तपशीलवार दृश्य दोन वर्षांच्या टीकेनंतर काढून टाकलं गेलं. आता आधीच्या प्रसंगावरून कथा थेट आईवडिलांच्या प्रतिक्रियेवर जाते आणि कुठेही अडत नाही.