मापाचे इनसोल (पक्षाघातानंतरचे)

पक्षाघाताने एक बाजू अशक्त झालेल्या रुग्णाला तोल सावरता यावा म्हणून त्याच्या तळपायाच्या मापाने घडवून बुटात बसवलेला आतला तळ. असा रुग्ण उभा राहताना बहुतेक भार धडधाकट पायावर टाकतो. अशक्त बाजूची पोटरी ताठरली की पाऊल खाली आणि आत वळते. चालताना टाचेऐवजी चवड्याची बाहेरची कड आधी टेकते. तळव्याची संवेदना बोथट झाली असेल, तर पाय कुठे पडला हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

कमानीखालची पोकळी भरली की टेकण्याची जागा वाढते, दाब पसरतो आणि खोलगट खोबणीत टाच स्थिर राहते. वळलेले पाऊल हाताने सरळ होत असेल, तर बाहेरची कड थोडी उचलून ते तसे धरता येते. आखडून पक्के झालेले पाऊल मात्र दामटून सरळ करू नये. तिथे अधांतरी राहिलेल्या आतल्या कडेखाली भर घालून जमीनच पायापर्यंत आणावी लागते.

नवख्याला उलटी वाटेल अशी एक पद्धत म्हणजे इनसोल चांगल्या पायाच्या बुटात घालणे. तिथे ६ ते १० मिलिमीटर उंची किंवा बाहेरच्या कडेला सुमारे ५ अंशांची पाचर दिली की भार दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि टाळला जाणारा पाय वापरावाच लागतो. सोबत व्यायाम हवाच. याविषयीचे अभ्यास बहुतांशी लहान गटांवरचे आहेत. दोन्ही पायांवरची भाराची विभागणी सुधारल्याचे त्यांत आढळते. पडण्याचे प्रमाण घटते असे मात्र त्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

माप फोमच्या पेटीत पाऊल दाबून, प्लास्टरने किंवा स्कॅनरने घेतात. फरक पडला का, हे १४ कृती आणि ५६ गुणांच्या, तोल मोजणाऱ्या बर्ग श्रेणीवर तपासता येते. पाऊल लोंबत असेल, तर नुसते इनसोल पुरत नाही. घोट्याला आधार देणारा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा साचा) लागतो.

बुटातला मूळचा तळ काढूनच इनसोल बसवावे, नाहीतर टाच वर येऊन बूट निसटतो. वापर रोज थोडा थोडा वाढवावा. बधिर पायाला टोचलेले कळत नाही, म्हणून बूट काढल्यावर तळवा दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यावा. लाली अर्ध्या तासात ओसरली नाही, तर इनसोल दुरुस्त होईपर्यंत घालू नये.