पेटीत पहिली जागा कोण धरतं?

"पेटीमा ठेयेल शे ना, मंग आते काय चिंता?"

धुळ्यातल्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर बाकावर बसलेली माझी मावशी म्हणाली. तिची नात आठ आठवडे आधीच जन्मली होती, वजन १४०० ग्रॅम. पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, ठेवलं म्हणजे बाळ धोक्यातून सुटलं, ही समजूत शिरपूर-साक्रीपासून अमळनेरपर्यंत मी सगळीकडे ऐकली आहे. पण पेटीचं काम ऊब देणं आणि हवेत ओलावा राखणं. तिला हात घालायला खिडक्या असतात, आणि जंतू बहुतेक वेळा त्या हातांवर बसूनच आत शिरतात.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या सुमारे १४ टक्के बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस झाला. सगळ्यात पुढे होता ॲसिनेटोबॅक्टर, त्याच्यामागे क्लेबसिएला. दोघेही दवाखान्यात मुरलेले, बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारे. मला हादरवणारी गोष्ट वेगळीच होती: जवळजवळ दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच दिसले. दवाखान्यातले जंतू इतक्या लवकर बाळापर्यंत पोचतात कसे?

चाळीसगावची एसटी फलाटाला लागली की काय होतं ते आठवा. गाडी थांबायच्या आत कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा त्याची होते. बाळाचं आतडं जन्मताना जवळजवळ रिकामी गाडी असते. आईच्या अंगावरचे, आतड्यातले जंतू आधी पोचले तर रुमाल त्यांचा. पण बाळ जन्मताच आईपासून दूर गेलं, त्याला नळ्या लागल्या, दहा जणांचे हात लागले, तर रुमाल क्लेबसिएलाचा पडतो. तेवढ्याने बाळ आजारी पडत नाही. पण आठ महिन्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ, आतड्याचं अस्तर कच्चं, आणि आईकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतात, ती अर्धवटच मिळालेली. अशा वेळी आतड्यातला जंतू रक्तात उतरायला फार अडथळा नसतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल कशाचा भरणा असतो? ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरांचा, आणि त्या बाळाला पचतच नाहीत! त्या तोडायची विकरं (एन्झाइम) माणसाच्या पोटात नाहीत. मग बाळंतिणीचं शरीर एवढा खर्च करून त्या बनवतं कशाला? कारण ते जेवण बाळाचं नाहीच. ते बिफिडोबॅक्टेरियम या जंतूचं आहे. तो या साखरा खातो आणि ॲसिटिक व लॅक्टिक आम्ल सोडतो. आतड्यातली आम्लता वाढते. आम्लाचे रेणू अखंड असतात तोवर क्लेबसिएलाच्या पेशीपटलातून सहज आत सरकतात, आत गेल्यावर फुटून हायड्रोजन आयन मोकळे करतात, आणि ते बाहेर फेकण्यातच त्या जंतूची बरीच शक्ती खर्ची पडते. वाढायला उरतं थोडं. शिवाय यातल्या काही साखरा आतड्याच्या पेशींवरच्या साखरांसारख्याच दिसतात. काही रोगजंतू पेशी समजून त्यांनाच चिकटतात आणि शीतून बाहेर जातात.

अँटिबायोटिक हा सगळा डाव उधळू शकतं. संसर्ग झाला असेल तर ते द्यावंच लागतं, त्यात शंका नको. पण नुसत्या धास्तीने लांबवलं, तर बिफिडोबॅक्टेरियम मरतो आणि औषधाला दाद न देणारा मागे उरतो. कपाशी पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बीटी वाणाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी त्याने शेतात पाहिली आहे.

आणि चीक. म्हैस व्याली की पारडूला चीक पाजल्याशिवाय आपला शेतकरी गोठा सोडत नाही, पण सुनेचा चीक "जड पडतो" म्हणून पिळून टाकायला लावणारी घरं अजून आहेत. वर मध चाटवायचा. मधातल्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. ही रीत नाही, बाळाच्या जिवाशी खेळ आहे, आणि मी हे मावशीलाही स्पष्ट सांगितलं.

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्ग आटोक्यात येईना. तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली. तीच कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. संसर्गही कमी दिसले. आई ही भेटायला येणारी पाहुणी नव्हे, तिला आत जागा हवी.

दुपारी सिस्टरने थेट बाळंतिणीलाच हाक मारली. "अंगठी, बांगड्या काढून ठेवा, कोपरापर्यंत हात धुवा." बांगड्या म्हटल्यावर मावशी उठूनच उभी राहिली, भरल्या हाताच्या बाईला असं सांगतात का? सिस्टरने आपला रिकामा हात पुढे केला. "माझ्यापण नाहीत मावशी. बांगडीखाली साबण पोचत नाही." पोरीने हिरव्या बांगड्या एकेक उतरवल्या, मावशीच्या पदरात टाकल्या आणि कोपराने नळ उघडला. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, मनगट. मावशी काचेतून सगळं बघत होती, पदराची गाठ मुठीत धरून.