इजिप्तसाठी मार्गदर्शक पुस्तक निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

इजिप्तच्या प्रवासाला निघालेले ग्राहक आमच्या दुकानात येतात, तेव्हा बहुतेकांचे मागणे एकच असते: एखादे चांगले गाइडबुक द्या. कपाटात अशी पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात, सर्वांच्या मुखपृष्ठांवर पिरॅमिड असतो आणि किमतींतही फार तफावत नसते. अशा वेळी आपली आपल्याला पारख करता यावी, यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे. आमचे मत प्रारंभीच सांगतो. हॉटेल, तिकिटांचे दर आणि गाड्यांच्या वेळा यांसाठी आता हातातला फोन पुरतो. पुस्तकाचे खरे काम वेगळे आहे, आणि ते म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला आपण नेमके काय पाहत आहोत हे समजावून देणे.

तरीही पुस्तक ताजे हवे, कारण इजिप्तमध्ये अलीकडच्या काळात वस्तूच जागच्या हलल्या आहेत. राजघराण्यातील बावीस ममी एप्रिल २०२१ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयातून फुस्तात येथील राष्ट्रीय नागरी संस्कृती संग्रहालयात नेण्यात आल्या. तुतनखामून या प्राचीन राजाच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आता गिझाच्या पिरॅमिडांजवळ उभारलेल्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. त्याचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. याआधीचे पुस्तक आपल्याला सोन्याच्या मुखवट्यासाठी सरळ तहरीर चौकात पाठवील. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर आतील शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहावी, आणि तेथे पुनर्मुद्रणाचे नव्हे, तर आवृत्तीचे वर्ष शोधावे. पुनर्मुद्रण कालचे असले तरी मजकूर दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो. छापील दरांवर मात्र कोणत्याही आवृत्तीत विसंबू नये. मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंडाचा भाव एकदम घसरला आणि त्यापूर्वी छापलेले सगळे आकडे निरुपयोगी झाले.

काळाचे थर

इतक्या जुन्या देशाच्या पुस्तकाची पहिली कसोटी म्हणजे ते काळ कसा हाताळते. खुफूचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २६०० ते २५०० च्या दरम्यानचा आहे, तर एडफू येथील होरस देवाच्या मंदिराचा पाया इ.स.पू. २३७ मध्ये घातला गेला. म्हणजे एकाच आठवड्यात पाहिल्या जाणाऱ्या या दोन वास्तूंमध्ये सुमारे तेवीस शतकांचे अंतर आहे. ज्या पुस्तकात या दोहोंना सारखेच ‘प्राचीन’ म्हणून पुढे जातात, ते बाजूला ठेवावे. आपल्या वाचकांना एक खूण उपयोगी पडेल. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या तुरमाय राजाचा उल्लेख आहे, तो इजिप्तचा दुसरा टॉलेमी, आणि एडफूचे मंदिर त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत सुरू झाले. ते पुरे होईपर्यंत इ.स.पू. ५७ उजाडले होते. फेअरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळातील सनावळ्यांबाबत अभ्यासकांमध्ये काही दशकांचा मतभेद असतो. तो मोकळेपणाने सांगणारे पुस्तक अधिक विश्वासार्ह समजावे.

हे थर एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर लक्सर मंदिराइतके चांगले उदाहरण नाही, आणि म्हणून पुस्तकातील त्या मंदिराची पाने आम्ही स्वतः आवर्जून तपासतो. मुख्य बांधकाम तिसऱ्या आमेनहोतेपचे. पुढचे प्रांगण आणि प्रवेशद्वार दुसऱ्या रामसेसचे. गाभाऱ्याच्या भागात अलेक्झांडरने पुन्हा बांधवलेली खोली, जिच्या भिंतींवर तो फेअरोच्या वेषात देवासमोर उभा आहे. पुढे रोमन सैन्याने येथे छावणी केली, तेव्हा एका दालनातील जुनी शिल्पे गिलाव्याखाली झाकून त्यावर रोमन पद्धतीची चित्रे रंगवली गेली, आणि गिलावा जेथे गळून पडला आहे तेथे दोन्ही काळ एकाच वेळी दिसतात. रामसेसच्या प्रांगणात अबू अल्-हज्जाज यांची मशीद आहे. तिचा एक जुना दरवाजा आज जमिनीपासून पुष्कळ उंचावर, अधांतरी असल्यासारखा दिसतो, कारण मशीद बांधली तेव्हा मंदिर तेवढ्या उंचीपर्यंत माती-ढिगाऱ्याने भरलेले होते आणि उत्खनन फार नंतर झाले. चांगले पुस्तक या दरवाजाकडे मान वर करून पाहायला सांगते. दारापुढच्या दोन ओबेलिस्कपैकी (उंच, टोकदार दगडी स्तंभांपैकी) दुसरा १८३६ पासून पॅरिसमध्ये उभा आहे, हेही त्यात असावे.

दुकानात उभ्या उभ्या करण्याची परीक्षा

वेळ थोडा असेल, तर पुस्तकात मेदिनेत हाबूचे पान उघडावे. लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावरील तिसऱ्या रामसेसचे हे मंदिर धावत्या सहलींमध्ये अनेकदा वगळले जाते, त्यामुळे लेखक तेथे खरोखर थांबला होता की नाही हे चटकन कळते. सामान्य पुस्तक ‘भव्य मंदिर, सुंदर रंग’ एवढे लिहून मोकळे होते. चांगले पुस्तक सांगते की प्रवेशाचा बुरूज सीरियाच्या किल्ल्यांच्या धर्तीवर बांधलेला आहे. की आतील चित्रलिपी हाताची बोटे आत जातील इतकी खोल कोरलेली आहे. की कारकून शत्रूंचे तोडलेले हात मोजत असल्याचे दृश्य कोणत्या भिंतीवर आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समुद्रमार्गे चालून आलेल्या सागरी टोळ्यांशी झालेल्या लढाईचे प्रसिद्ध शिल्प मंदिराच्या आत नसून उत्तरेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे. सरळ आत जाऊन सरळ बाहेर येणाऱ्याला ते दिसतच नाही. याच आवारात पुढे ख्रिस्ती लोकांचे जेमे नावाचे गाव शतकानुशतके नांदले, याचीही नोंद हवी.

दुसरे पान राजांच्या खोऱ्याचे. येथे साठांहून अधिक थडगी आहेत, सगळी एका वेळी उघडी नसतात, आणि साधारण तिकिटात तीनच पाहता येतात. तुतनखामून, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांच्यासाठी वेगळे तिकीट लागते. त्यामुळे कोणती निवडावीत हाच खरा प्रश्न असतो, आणि नुसती यादी देणारे पुस्तक तो आपल्यावरच सोडते. आमच्या मते निवड अशी असावी की थडग्यांची घडण कशी बदलत गेली ते दिसेल: तिसऱ्या थुतमोसचे उंच चढून गाठायचे, वळण घेत जाणारे थडगे, ज्याच्या भिंतींवर रेघांनी काढलेल्या काडीसारख्या आकृती आहेत, आणि त्यानंतर सहाव्या रामसेसचे सरळ, रुंद, छतावर आकाशदेवी नूत पसरलेले थडगे. सेतीच्या वेगळ्या तिकिटाचाही खर्च परवडत असेल, तर या दोहोंच्या मधला सेतीचा कोरीव टप्पा जरूर पाहावा. तुतनखामूनचे थडगे लहान आहे, त्याची एकच खोली रंगवलेली आहे, आणि त्याची ममी मात्र अजून तेथेच आहे. हे आधी सांगणारे पुस्तक प्रवाशाचा अपेक्षाभंग टाळते.

लक्सरच्या कर्नाक मंदिरातील महादालनाबद्दल ‘१३४ खांब’ हा आकडा सर्वच पुस्तकांत असतो. पहिल्या सेतीने कोरवलेला उत्तरेकडचा भाग पृष्ठभागाच्या वर उठून दिसणाऱ्या नाजूक शिल्पांचा आहे आणि दुसऱ्या रामसेसचा दक्षिणेकडचा भाग दगडात आत खोदलेल्या शिल्पांचा, हे ज्या पुस्तकात आहे ते घ्यावे. एवढे वाक्य वाचलेला प्रवासी त्या दालनात दहा मिनिटांऐवजी तासभर रमतो.

ऐकीव आणि सिद्ध

स्थानिक गाइड पुष्कळदा फार चांगले असतात. पण सांगण्याच्या ओघात दंतकथाही येतात. दुसऱ्या रामसेसच्या अबू सिम्बेल येथील मंदिराच्या गाभाऱ्यात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या सुमारास सूर्यकिरण पोहोचतात, हे खरे आहे. ते राजाचे जन्मदिवस आणि राज्यारोहणाचे दिवस असल्याला मात्र पुरावा नाही. पिरॅमिड गुलामांनी बांधले, असे अजून सांगितले जाते; गिझा येथे १९९० पासून उजेडात आलेली कामगारांची दफनभूमी आणि त्यांची वसाहत यांवरून निराळे चित्र दिसते, कारण राजाच्या पिरॅमिडाच्या सान्निध्यात मानाने पुरलेली माणसे गुलाम असणे संभवत नाही. अबू सिम्बेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून मूळ जागेपेक्षा सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा रचली गेली, आणि फिलेचे मंदिरही शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवलेले आहे. आपण पाहतो आहोत ती जागा मूळ नाही, हे पुस्तकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. याच फिलेच्या मंदिरात इ.स. ३९४ मधला, तारीख ज्ञात असलेला अखेरचा चित्रलिपीतील लेख आहे.

फेअरोंबरोबर संपणारे पुस्तकही अपुरे समजावे. कैरोतील नवव्या शतकातली इब्न तुलून मशीद, अल्-अझहर मशीद आणि कॉप्टिक (इजिप्तच्या स्थानिक) ख्रिस्ती वस्तीतील चर्च यांना दोन पानांत गुंडाळणाऱ्या लेखकाला हा देश अर्धाच दिसला आहे.

प्रवाशाच्या सोयीचे

नकाशे प्रत्येक मंदिराचे स्वतंत्र आणि वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत असावेत. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली असतो. हे नकाशाशेजारीच सांगितलेले असले म्हणजे गोंधळ होत नाही. मोठ्या पिरॅमिडात आत जाताना जेमतेम सव्वा मीटर उंचीच्या चढत्या बोळातून वाकून जावे लागते, आणि गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या ज्येष्ठांना ते झेपत नाही. असे इशारे ठळकपणे दिलेले पुस्तक आम्ही आधी सुचवतो. शाकाहारी मंडळींसाठी कोशरी (भात, मसूर व पास्ता), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांसारख्या दाण्यांचा पदार्थ) आणि तामिया (तळलेले वडे) यांची माहिती असावी. उन्हाळ्यात अस्वानला पारा चाळिशीच्या वर जातो, आणि रमजानमध्ये स्थळांच्या वेळा बदलतात.

मराठीत प्रवासवर्णने उत्तम आहेत आणि निघण्यापूर्वी ती अवश्य वाचावीत. परंतु ती लेखकाच्या अनुभवाची पुस्तके आहेत, त्यांच्या भरवशावर कर्नाकमध्ये वाट सापडणार नाही. दोन्ही घेणे शक्य नसेल, तर प्रवासवर्णन वाचनालयातून आणावे आणि मार्गदर्शक पुस्तक विकत घ्यावे, कारण त्यावर खुणा कराव्या लागतात.

दुकानात येताना सहलीचा कार्यक्रम सोबत आणावा. लक्सरला किती रात्री आहेत आणि पश्चिम काठासाठी किती वेळ ठेवला आहे, हे पाहून कोणते पुस्तक योग्य ठरेल ते आम्ही सांगू. आणि टेबलावर दोन-तीन पुस्तके उघडून मेदिनेत हाबूची पाने ताडून पाहण्यासाठी आपल्याला हवा तेवढा वेळ बसता येईल.