ग्रँड रॅपिड्स : एका जुन्या रिपब्लिकन बालेकिल्ल्याची पार्श्वभूमी

मिशिगन राज्य म्हटले की मराठी वाचकाला डेट्रॉइट आठवते. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार तिथूनच अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले. राज्याच्या पश्चिम भागातील ग्रँड रॅपिड्सचे राजकारण मात्र वेगळ्याच मुशीत घडले. शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख आहे, तर महानगर परिसराची १० लाखांहून थोडी अधिक. हे शहर ज्या केंट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येते तिने १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांना कौल दिला आणि त्यानंतर थेट २००८ मध्ये, तोही निसटता, बराक ओबामा यांना. तीच काउंटी २०२० आणि २०२४ अशा सलग दोन अध्यक्षीय निवडणुकांत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. नव्या वस्तीमुळे हा बदल झाला, एवढेच म्हणणे मला अपुरे वाटते. इथल्या जुन्या रिपब्लिकन मतदाराला आपल्या पक्षाकडून काय हवे होते, हे पाहिल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

नेदरलँड्समधील सरकारमान्य चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना घेऊन धर्मोपदेशक आल्बर्टस व्हान राल्टे १८४७ मध्ये लेक मिशिगनच्या काठी आले आणि त्यांनी हॉलंड हे गाव वसवले. पुढे १८५७ मध्ये त्यांच्यातीलच काही मंडळ्यांनी वेगळे होऊन ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च स्थापन केले. ग्रँड रॅपिड्स त्याचे केंद्र बनले. काटकसर, स्वतःच्या शाळा, स्वतःच्या संस्था आणि सरकारी हस्तक्षेपाविषयी सावधपणा ही या समाजाची शिस्त होती. शहर फर्निचरच्या धंद्यावर मोठे झाले, तरी डेट्रॉइटसारखे कामगार संघटनांचे राजकारण इथे रुजले नाही, आणि त्याचे एक मोठे कारण याच शिस्तीत आहे. १९११ च्या वसंतात फर्निचर कामगारांनी पुकारलेला संप चार महिने चालला. कॅथलिक पोलिश कामगार संपात ठाम होते आणि त्यांच्या बिशपांचाही पाठिंबा होता. ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने मात्र आपल्या सभासदांना संघटनेपासून दूर राहण्यास सांगितले. संप फसला. संपकऱ्यांची बाजू घेणारे महापौर जॉर्ज एलिस यांचा पुढे पराभव झाला आणि १९१६ च्या नव्या सनदेने शहराचे १२ प्रभाग मोडून ३ मोठे प्रभाग केले, त्यामुळे कामगार वस्त्यांचा नगरपालिकेतील आवाज क्षीण झाला.

तरीही इथला रिपब्लिकन पक्ष केवळ मालकवर्गाचा पक्ष नव्हता. स्थानिक ‘हेराल्ड’ दैनिकाचे संपादक आर्थर व्हँडेनबर्ग १९२८ मध्ये सिनेटर झाले. अमेरिकेने परकीय भानगडींपासून दूर राहावे असे आग्रहाने मांडणाऱ्या या नेत्याने १९४५ मध्ये आपली भूमिका जाहीरपणे बदलली आणि पुढे डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमन यांना युद्धोत्तर युरोपच्या उभारणीसाठीची मार्शल योजना मंजूर करून घेण्यास साथ दिली. त्याच धारेत १९४८ मध्ये युद्धावरून परतलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी अलिप्ततावादी विद्यमान प्रतिनिधी बार्टेल जोंकमन यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवले आणि १९७३ पर्यंत प्रतिनिधिगृहातील ग्रँड रॅपिड्सची जागा राखली. फोर्ड उपाध्यक्ष झाल्यावर, रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाच्या ऐन गदारोळात, फेब्रुवारी १९७४ च्या पोटनिवडणुकीत ती डेमोक्रॅटिक रिचर्ड व्हँडर व्हीन यांनी जिंकली. सहा दशकांत प्रथमच असे घडले होते. पक्षनिष्ठेला इथे सचोटीची अट होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही. १९७६ मध्ये जागा रिपब्लिकनांकडे परतली आणि पुढे पॉल हेन्री व व्हर्न एलर्स या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या कॅल्विन महाविद्यालयातील प्राध्यापकांनी ती सौम्य वृत्तीने सांभाळली. पक्षाला पैसा मात्र ॲमवे कंपनी उभारणाऱ्या डेव्हॉस आणि व्हॅन अँडल कुटुंबांकडून मिळत गेला.

ताण उघड झाला तो ट्रम्प यांच्या काळात. २०१० च्या रिपब्लिकन लाटेत याच जागेवर निवडून आलेले जस्टिन अमॅश यांनी ४ जुलै २०१९ रोजी पक्ष सोडला. त्यांच्या जागी आलेल्या पीटर मायर यांनी शपथ घेतल्यानंतर काही दिवसांतच ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिले आणि २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन गिब्ज यांच्याकडून ते हरले. गिब्ज यांचे नाव पुढे यावे म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीनेही जाहिरातींवर चार लाखांहून अधिक डॉलर खर्च केले होते. ते मला अत्यंत अनुचित वाटते, कारण विवेकाने मत देणाऱ्या प्रतिनिधीला पाडण्यास त्याने हातभार लावला. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी शोल्टन जिंकल्या. त्या स्वतः ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या सभासद आहेत. २०१८ च्या सार्वमताने स्थापन झालेल्या स्वतंत्र मतदारसंघ फेररचना आयोगाने या मतदारसंघात ग्रामीण भागाऐवजी मस्कीगन शहर जोडले होते, याचाही त्यांना फायदा झाला.

शेजारची ऑटावा काउंटी त्याच डच मुळाची, पण तिने १८६४ नंतर एकदाही अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवार पसंत केलेला नाही. २०२० मध्ये केंटमध्ये बायडेन यांना सुमारे ५२ टक्के मते मिळाली, तर ऑटावात ट्रम्प यांना सुमारे ६० टक्के. महासाथीतील शाळांच्या मास्कसक्तीवरून उभ्या राहिलेल्या ‘ऑटावा इम्पॅक्ट’ या गटाने २०२२ मध्ये तिथल्या काउंटी मंडळावर बहुमत मिळवले आणि जानेवारी २०२३ मधील पहिल्याच बैठकीत प्रशासक बदलून विविधता विभाग बंद केला. ऑगस्ट २०२४ मध्ये पारंपरिक रिपब्लिकन उमेदवारांनीच या गटातील अनेकांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवले आणि त्याचे बहुमत गेले. नोव्हेंबरात त्याच ऑटावाने ट्रम्प यांना पुन्हा मोठी आघाडी दिली.