लाल दगडाखालचा वर्ख

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या सटन हू इथे १९३९ साली पुरलेलं एक जहाज उकरलं गेलं. त्यात सातव्या शतकाच्या सुरुवातीचे सॅक्सन दागिने होते. खांद्यावर वस्त्र अडकवायच्या सोन्याच्या आकड्यांच्या जोडीवरचा लाल जडाव बघून माणकं आठवतात, पण तो दगड गार्नेट आहे. लोह आणि ॲल्युमिनियमचं हे सिलिकेट. लोहामुळे ते लाल दिसतं आणि लोहामुळेच जाड खडा काळा पडतो.

म्हणून सोनाराने खडा न बसवता जेमतेम मिलिमीटरभर जाडीची चकती बसवली. गार्नेट क्वार्ट्झइतकंच कठीण, त्यामुळे ते कापण्यापेक्षा झिजवावं लागतं. चकतीखाली सोन्याचा वर्ख, आणि खरी करामत त्यातच आहे. ठशावर दाबून त्यावर बारीक चौकटी उठवलेल्या असतात, मिलिमीटरला तीन-चार रेघा. गुळगुळीत वर्ख आरशासारखा एकाच दिशेला उजेड फेकेल. चौकटींच्या उतारांवरून तो चहूकडे उसळतो आणि दगडातून दुसऱ्यांदा बाहेर येतो. माणूस हलला की दागिना लुकलुकतो.

कामाचा क्रम चुकवून चालत नाही. सोन्याच्या पट्ट्या वाकवून घरं करायची, ती तळाच्या पत्र्यावर उभी करून डाख द्यायचा. आगीचं काम इथे संपतं, कारण तापवलं तर दगड तडकू शकतो. मग घरात मेण आणि चुनखडीच्या भुकटीचा लगदा, वर वर्ख, वर चकती. वर्ख फाटून लगदा दगडाला भिडला, की ते घर कायमचं विझतं.

हा दगड इंग्लंडचा नाही. स्टॅफर्डशरमध्ये २००९ साली सापडलेल्या साठ्यातली गार्नेटं तपासली, तेव्हा काही बोहेमियाकडची (आजचं चेक प्रजासत्ताक), तर काही भारतीय उपखंडातली निघाली.

दहाव्या शतकातल्या डॅनिश व्हायकिंग सोनारांचा भर मात्र सोन्याच्या तारेवर आणि रव्यांवर, म्हणजे बारीक गोळ्यांवर. हेडेबी बंदराच्या गाळात त्यांचे ठसे मिळाले आहेत. ठशावर पत्रा दाबायचा आणि उठलेल्या रेषांवर दाणेदार तार व रवे मांडायचे. जोडायला तांब्याचा क्षार आणि सरस पुरतो. तापल्यावर सरसाचा कोळसा होतो आणि तो क्षारातलं तांबं मोकळं करतो. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं मिसळलेलं ९१० च्या आसपास. त्यामुळे रवा टेकतो तेवढीच जागा ओली होते. मिश्रण जास्त झालं, की ते रव्यांमधल्या फटींत भरतं आणि दाण्यांची सपाट वळी होते. तो तुकडा मग मुशीतच जातो.