आधी तोडणे, मग जोडणे : सिंगापूरच्या 'वननगरी'ची पार्श्वभूमी

सिंगापूरच्या पश्चिम भागात तेंगाह ही नवी वसाहत उभी राहत आहे. सुमारे 700 हेक्टरांवर 42,000 घरे आणि त्यांना लागून 5 किलोमीटर लांब व 100 मीटर रुंद असा झाडीचा पट्टा, अशी तिची आखणी आहे. या पट्ट्यातून वन्यप्राण्यांनी पश्चिमेकडच्या आणि बेटाच्या मध्यभागातल्या जंगलांत ये-जा करावी, अशी अपेक्षा आहे. 2016 साली आराखडा जाहीर करताना गृहनिर्माण मंडळाने तिला 'वननगरी' म्हटले. इमारतींआधी प्राण्यांच्या वाटेचा विचार करण्याची ही पद्धत तिथे जुनी नाही.

एकोणिसाव्या शतकात मिरी आणि गॅम्बियर (कातासारखा पदार्थ देणारी वेल) यांच्या लागवडीसाठी या बेटावरचे जंगल झपाट्याने तुटले. मूळ जंगलापैकी 95 टक्क्यांहून अधिक आज उरलेले नाही. पुढे 16 जून 1963 रोजी तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतः झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली आणि 1967 मध्ये 'उद्याननगरी'चे धोरण मांडले. रस्त्यांवर सावली हवी होती आणि शहर नीटनेटके आहे, अशी परदेशी गुंतवणूकदारांची खात्रीही पटवायची होती. मुंबईकरांच्या ओळखीचा रेन ट्री तिथल्या रस्त्यांवर डेरेदार वाढला. मात्र ती हिरवाई माणसाच्या डोळ्यांसाठी होती. प्राणी त्या हिशेबात फारसे नव्हतेच.

म्हणूनच 1986 मध्ये बुकित तिमाह द्रुतगती मार्ग जंगलाच्या मधूनच गेला. जेमतेम 163 हेक्टरांचे बुकित तिमाह अभयारण्य शेजारच्या मोठ्या जंगलापासून तुटले. ते जोडायला 2013 साल उजाडले. त्या वर्षी महामार्गावर 62 मीटर लांबीचा, डमरूसारखा मध्ये निमुळता होणारा आणि तिथेही 50 मीटर रुंद असलेला पूल बांधून त्यावर स्थानिक झाडे लावण्यात आली. कोकणात ज्याच्या रक्षणासाठी लोक धडपडत आहेत, त्या खवल्या मांजराचा तिथला भाऊबंद हा पूल ओलांडताना नोंदला गेला आहे.

कलांग नदीची कथा अधिक बोलकी आहे. पुराचे पाणी लवकर समुद्राला मिळावे म्हणून तिला काँक्रीटच्या सरळ नाल्यात बांधले होते, आणि त्या काळच्या अभियंत्यांच्या दृष्टीने ते बरोबरही होते. 2006 मध्ये तिथल्या जलमंडळाने नाले आणि जलाशय लोकांसाठी खुले करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेचा 2.7 किलोमीटरचा नाला फोडून त्याची 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. काठ दगड-सिमेंटाऐवजी मुळांच्या जाळ्याने धरून ठेवायचे होते. ते वेगवान प्रवाहात टिकतील का, हे आधी एका छोट्या नाल्यावर निरनिराळ्या रीतींनी तपासून पाहिले गेले. कोरड्या दिवशी लोक जिथे बसतात, त्या उतरत्या हिरवळीवरच मुसळधार पावसात पाणी पसरते, त्यामुळे भोंगे आणि इशाऱ्याचे दिवेही बसवावे लागले. फोडलेले काँक्रीट वाया न घालवता त्यातून उद्यानातच एक टेकाड रचले. 62 हेक्टरांचे हे उद्यान 2012 मध्ये खुले झाले आणि दोनच वर्षांत तिथे पाणमांजरे येऊन राहिली. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते. गोव्याच्या खाड्यांत दिसते तीच ही जात. शोभेच्या तळ्यांतले महागडे कोई मासे ती फस्त करतात, म्हणून काही रहिवासी वैतागलेलेही आहेत; शेजार म्हटला की एवढे चालायचेच.

'निसर्गातली नगरी' हे आजचे धोरण 2020 मध्ये जाहीर झाले. तेंगाहची आखणी त्याआधीची असली तरी तिच्यात हाच विचार दिसतो. अडचण जमिनीची आहे. वस्त्या, मळे आणि वीटभट्ट्या ओस पडल्यावर आणि नंतर लष्करी सरावाच्या काळात तिथे दुय्यम जंगल आपोआप वाढले होते, आणि 'वननगरी'साठी त्यातलाच बराचसा भाग साफ करावा लागणार होता. राखला जाणारा सुमारे दशांश भाग अपुरा आहे, असे सांगत सिंगापूरच्या नेचर सोसायटीने अधिक जंगल वाचवण्याची मागणी केली. घरांची पहिली विक्री 2018 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून तिथे कुटुंबे राहू लागली.