मोटरसायकल आणि साइडकार: हात नेमके कुठे फसतात

साइडकार म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडलेली एका चाकाची बैठक; ती जोडलेल्या अख्ख्या गाडीलाही साइडकारच म्हणतात. अशी गाडी उभी दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तीन चाकं आहेत, पडायची भीती नाही." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "बुलेट चालवता येते ना, मग हीसुद्धा येईल." पहिलं चूक आहे, दुसरं धोक्याचं आहे. कायदाही या गोंधळाला हातभार लावतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. त्यामुळे हे वेगळं वाहन आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं, हे कुणाच्या मनातच येत नाही.

साधी मोटरसायकल तुम्हाला येते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. थोडा वेग आला की ती झुकवून वळवायची असते. डावीकडे जायचं तर आपण डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. बहुतेकांना आपण हे करतो याचा पत्ताही नसतो, इतकं ते मनगटात मुरलेलं असतं.

साइडकार झुकत नाही. तिला डावीकडे न्यायचं तर हँडल सरळ डावीकडेच वळवावं लागतं, म्हणजे डावी मूठ स्वतःकडे ओढायची आणि उजवी ढकलायची. अगदी उलट. मोकळ्या मैदानावर सावकाश चालवताना हे जमतं. पण अचानक कुत्रं आडवं आलं की हात जुन्या सवयीवर जातात. डावीकडे निसटायला डावी मूठ ढकलली जाते आणि गाडी उजवीकडे वळते. आपल्याकडे उजवीकडे समोरची वाहनं असतात. म्हणूनच कधीच दुचाकी न चालवलेला माणूस बरेचदा साइडकार लवकर शिकतो, आणि वर्षानुवर्षं बाइक चालवलेल्याला जास्त कष्ट पडतात.

दुसरी अडचण याला जोडूनच येते: डावं वळण आणि उजवं वळण सारखं नसतं. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते. उजव्या वळणावर ती जमिनीवर दाबली जाते, गाडी भक्कम वाटते. डाव्या वळणावर सगळं वजन उजवीकडे फेकलं जातं आणि साइडकारचं चाक उचललं जातं. आधी सीटखाली हलकं वाटतं, मग चाक हवेत. ते खाली आणायला हँडल उजवीकडे सैल सोडावं लागतं, म्हणजे पुन्हा समोरच्या वाहनांच्या अंगावर. घाबरून ब्रेक दाबला तरी तेच, कारण साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर तिचं वजन पुढे रेटतं आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. रेस दिली की उलट, साइडकार मागे राहू पाहते आणि गाडी डावीकडे खेचली जाते. यावर उपाय एकच: वेग वळणाच्या आधी कमी करा, अंग साइडकारच्या बाजूला टाका, रेस एकदम सोडू नका.

शर्यतीवाल्यांनाही याच प्रश्नाने छळलं. १९२३ साली ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर पहिली साइडकार टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यत झाली. फ्रेडी डिक्सनने ती डग्लस या ब्रिटिश मोटरसायकलवर जिंकली, तेव्हा त्याच्या साइडकारला वळणावर झुकवण्याची सोय होती आणि ते काम शेजारचा साथीदार करायचा. आजही शर्यतीत साथीदार वळणावळणाला बाहेर लटकतो किंवा मागच्या चाकावर झेपावतो, कारण तिथे तोल त्याच्या वजनावर चालतो.

बाकीचे फरक किरकोळ. रिक्षाशी तुलना करू नका, ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. मागे दोन्हीकडे चाकं लावलेली स्कूटर म्हणजेही साइडकार नव्हे. कोंडीत फटीतून निघता येत नाही. बाइकने चुकवलेला खड्डा तिसरं चाक गाठतं. टायर मधोमध सपाट झिजतात, खांदे भरून येतात.

मग चालवायची कशाला? शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येतं, म्हणून. सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, चिखलात आणि वाळूत गाडी आडवी होत नाही, कुत्रं, आजी, भाजीची पोती, सगळं मावतं. पुण्यात एके काळी बजाज स्कूटरला साइडकार जोडून अख्खं घर बाहेर पडायचं, ते याच सोयीसाठी. उराल या मूळच्या रशियन मोटरसायकलच्या काही मॉडेलांत साइडकारचं चाकही इंजिनाला जोडता येतं, बर्फात त्याचा खरा उपयोग. हमरस्त्यावर वेगात पळवायला मात्र मी ती कधीच सुचवणार नाही. चाळीस-पन्नासच्या वेगाने, कमी वर्दळीच्या रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने आणलेली साइडकार बाइकवाल्या नवरदेवाच्या हातात देणं. फोटोग्राफर "जरा पुढे घ्या, वळवून आणा" म्हणतो आणि नवरी शेजारी बसलेली असते. फोटो उभ्या गाडीवर काढा.

शिकायचं असेल तर मोकळं मैदान घ्या आणि साइडकारमध्ये तीस-चाळीस किलोचं वाळूचं पोतं तळाशी घट्ट बांधा. आधी फक्त उजवी वळणं, मग डावी, मग आठाचा आकडा. शेवटी पोतं काढून अगदी कमी वेगात डावीकडे वळा आणि चाक मुद्दाम उचलू द्या. ते उचललं की हात काय करतात ते तिथेच कळू द्या, रस्त्यावर नको.